न बसलेल्या माराचे डाग

पावसाळ्यात महाबळेश्वरला टॅक्सीला गिऱ्हाईक नसतं. पाऊस आणि धुकं इतकं की हॉटेलवालेच ताडपत्र्या बांधून आपापल्या गावी जातात. त्यामुळे आषाढ लागला की आमचे हे गाडी घेऊन गावी, साताऱ्याकडच्या औंधला येतात आणि पाऊस ओसरेपर्यंत घरीच असतात. फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी टॅक्सी घेतली. त्यांचा आवाज मूळचाच मोठा. फोनवर साधी ख्यालीखुशाली विचारत असले तरी रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, आत भांडण पेटलंय. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात लोकांनी या आवाजाचीही साक्ष काढली.

घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. आयब्रो करताना बाई खुर्चीत मान मागं टाकून पडलेली असते आणि माझे दोन्ही हात तिच्या डोळ्यांपुढं असतात. त्या वर्षी हे घरी आले आणि आठवडाभरात माझ्या डाव्या दंडावर पहिला डाग उठला. काळानिळा, लांबट, चार बोटं रुतल्यासारखा. हायस्कूलवर शिकवणाऱ्या एक बाई तेव्हा खुर्चीत होत्या. त्यांनी दंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"बादली उचलताना लागलं असंल," मी म्हणाले. त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

खरं म्हणजे मला काही लागल्याचं आठवत नव्हतं. दुसरा डाग मनगटावर आला, तिसरा गळ्याच्या खाली. मांडीवर तर तळहाताएवढे दोन होते, पण ते कुणाला दिसत नव्हते. मी प्रत्येकाला काहीतरी कारण जोडत होते. दाराची कडी, ओट्याचा कोपरा, गॅसची टाकी. बायका ऐकून घ्यायच्या, "जपा हो" म्हणायच्या आणि बाहेर पडल्यावर एकमेकींशी हळू आवाजात बोलायच्या. काचेच्या दारातून मला त्यांची तोंडं हलताना दिसायची.

त्याच सुमारास पाळी आली आणि थांबेना. पार्लरचं सामान आणायला मी एसटीनं साताऱ्याला गेले होते. स्टँडवर उतरायला उठले तर मागच्या सीटवरची मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, ओढणी मागं घ्या." सीटवर डाग पडला होता. एक म्हातारे गृहस्थ त्या जागेवर बसायला पुढं आले होते, ते तसेच दांड्याला धरून उभे राहिले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी पर्समधला रुमाल काढून सीट पुसली. कंडक्टर खालून ओरडत होता, "चला, उतरून घ्या." आजही तो प्रसंग आठवला की माझ्या कानशिलांतून वाफ निघते. स्टँडच्या बाथरूममध्ये सलवार धुतली, ओलीच अंगावर घातली आणि सामान न घेताच परत आले.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. चाळिशीत असं होतं म्हणतात, तसंच असेल असं धरून चालले. मेडिकलचं दुकान नात्यातल्या दिराचं. त्यांच्याकडं पाळीचं कसं बोलणार? "रक्तवाढीच्या गोळ्या द्या भावजी, थकवा लय येतोय," एवढंच म्हणाले. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. नळ सोडून ते वाहून जाऊ द्यायचं आणि मगच बाहेर यायचं, असा नेम पडला.

एका सकाळी शाळेत जायच्या आधी मी लेकीची वेणी घालत होते. ती आठवीत होती. आरशात माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "मम्मी, पप्पा तुला मारतात का गं?"

हे दारात बसून गाडीचा वायपर दुरुस्त करत होते.

"काय बोलतीस? कुणी सांगितलं तुला?" मी म्हणाले.

"वर्गात मुली म्हणतात."

यांनी पाना खाली ठेवला. उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. संध्याकाळी परतले तेव्हापासून त्यांचा आवाज जो खाली गेला तो आमच्या घरात पुन्हा पूर्वीसारखा चढलाच नाही. चहाचा कप हातात द्यायच्याऐवजी ते जमिनीवर ठेवायला लागले. माझ्या हाताला त्यांचा हात लागणार नाही, एवढं अंतर ठेवून वागायला लागले.

दोन-चार दिवसांनी लेक झोपल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरं सांग. मी झोपेत तर काय करत न्हाई ना?"

"म्हंजे?"

"सीमेवर होतो तवा झोपेत हातपाय झाडायचो. बरोबरची पोरं सांगायची. आता कवा तसं होतंय का? तुला लागतंय का माझं?"

"आवं, न्हाई हो. काय बी काय बोलताय."

"मग हे कुठनं येतंय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंथरूण पुढच्या व्हरांड्यात टाकलं. स्वतःच्या हातांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढंच दिसलं की नवराबायको आता एका खोलीत झोपत नाहीत. यांचा मोठा आवाज तर सगळ्यांनी ऐकलेलाच होता, गावाला आणखी काय पाहिजे होतं?

सगळ्यात विचित्र म्हणजे मला कुणी तोंडावर विचारलंच नाही. शेजारच्या जाऊबाई येऊन बसायच्या, भाजी निवडू लागायच्या आणि जाताना म्हणायच्या, "सोसावं लागतंय बाई, बायकांच्या जातीला." मी म्हणायचे, तसं काही नाही. त्या मान हलवायच्या. मी जितकं ठासून नाही म्हणायचे तितकी त्यांची खात्री वाढायची. नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझ्या पार्लरमध्ये मार खाऊन आलेल्या बायका मी पाहिल्या होत्या आणि त्यासुद्धा बादलीचं, कडीचंच नाव सांगायच्या. त्यांची भाषा आणि माझी भाषा एक झाली होती. म्हणून मला जास्त लाज वाटायची.

पलूसला माझ्या भावापर्यंत ही गोष्ट कुणी नेली ते मला कधी कळलं नाही. तो माझ्याहून बराच लहान, मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तिकडं त्याची द्राक्षबाग आहे. रविवारी दुपारी त्याची गाडी दारात थांबली. हे अंगणात उभे होते. भाऊ खाली उतरला, मला हाक मारली आणि मी बाहेर आल्यावर माझी बाही वर सारून दंड बघितला. तेव्हा डाग पिवळट पडून त्याच्यावर नवीन आला होता.

"कुणी केलं हे आक्का?"

"कुणी न्हाई रं. ऐक तरी."

त्यानं ऐकलं नाही. वळला आणि यांच्या कानाखाली मारली. आवाज एवढा झाला की समोरच्या किराणा दुकानातली माणसं पायरीवर आली. मेव्हण्यानं दाजीवर हात उचलणं आमच्याकडं किती मोठं आहे, ते सांगायला नको. यांचा हात वर आला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांनी तो खाली घेतला आणि फौजेत विश्राममध्ये उभं राहतात तसे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. गालावर बोटं उमटली होती. रस्त्यावर माणसं वाढत चालली होती.

मी मधे पडले. दोघांपैकी कुणाचाही मला धक्का लागला नाही, हे दुकानाच्या पायरीवरच्या सगळ्यांनी पाहिलं. तरी माझ्या नाकातून रक्त सुरू झालं. मी ओढणी लावली. थांबेना. ओढणी भिजली, यांनी खांद्यावरचा टॉवेल दिला, तोही भिजायला लागला. भावाचा चेहरा पांढरा पडला.

"गाडी काढ," हे त्याला म्हणाले. "मार नंतर पायजे तेवढं. आधी हिला मिरजेला घेऊन चल."

पुसेसावळी, कडेगाव, पलूस, सांगली. भाऊ चालवत होता आणि हे मागं माझ्याजवळ बसून नाक दाबून धरत होते. सगळ्या रस्त्यात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. कडेगावच्या पुढं यांनी विचारलं, "आणखी कुठनं रक्त जातंय का?" आणि मी, मान खाली घालून, धाकट्या भावाच्या ऐकण्यात, पाळीचं सांगितलं. एसटीतलं सोडून सगळं सांगितलं. भावानं आरशातून नजर काढून घेतली.

मिरजेत तपासायला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी डाग बघितले, यांच्या गालावरची बोटं बघितली आणि दोघांनाही बाहेर काढलं. दार लावून घेतलं. खुर्ची माझ्याजवळ ओढून त्या म्हणाल्या, "ताई, इथं दुसरं कुणी नाही. घरात कुणी मारतं का तुम्हाला? घाबरू नका."

मी रडायला लागले. आता तेच रडणं हो म्हणण्यासारखं दिसणार, हे मला कळत होतं आणि ते थांबवताही येत नव्हतं. "न्हाई हो बाई," मी म्हणाले, "शप्पथ घेऊन सांगते, न्हाई."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही आणि मान हलवली नाही. तोंडात टॉर्च मारून हिरड्या पाहिल्या, पायांवरचे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके पाहिले. ते ठिपके मी घामोळं समजत होते. मग त्यांनी भराभर रक्त काढून घेतलं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी काचेवर पसरलेलं माझं रक्त स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं. यांना आणि भावाला त्यांनी आत बोलावलं. दोघं खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहिले.

"पहिली गोष्ट," डॉक्टर म्हणाले, "हे डाग कुणाच्या हातानं पडलेले नाहीत. हा रक्ताचा कॅन्सर आहे. ल्युकेमियाचा एक खास प्रकार. धोका मोठा आहे, पण वेळेत औषध मिळालं तर बहुतेक पेशंट बरे होतात."

त्या वाक्यात कॅन्सर होता, मरण होतं. आणि मला काय वाटलं, ते सांगायलाही संकोच होतो. मला हायसं वाटलं. यांच्याकडं बघितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले होते आणि तोंडावर हात धरून हुंदके देत होते. डॉक्टरांना वाटलं असेल, बायकोच्या आजारानं. त्यात दुसरंही काही होतं, ते मला आणि भावाला कळत होतं.

"कशामुळं झालं?" यांनी विचारलं. विचारताना त्यांचा सूर आरोपीसारखाच होता.

डॉक्टरांनी कागदावर दोन उभ्या काड्या काढल्या. म्हणाले, "आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. शरीर कसं चालवायचं, त्याच्या सगळ्या सूचना त्यांच्यात असतात. प्रत्येक जोडीला नंबर आहे. यांच्या हाडांमधल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, जिथं रक्त तयार होतं, तिथल्या एका पेशीत पंधरा नंबरचं एक गुणसूत्र तुटलं आणि सतरा नंबरचंही एक तुटलं. पेशीनं तुकडे जोडून घेतले, पण जोडताना त्यांची अदलाबदल झाली. पंधराचा तुकडा सतराला लागला, सतराचा पंधराला."

त्यांनी दोन्ही काड्यांची टोकं खोडून आडव्या बाणांनी एकमेकांना जोडली.

"सगळं सामान आहे तेवढंच आहे, फक्त जागा बदलली," भाऊ पहिल्यांदा बोलला.

"हो, पण सांध्यापाशी दोन वेगळी जनुकं एकमेकांना चिकटली. त्यातलं सतरावरचं जनुक पांढऱ्या पेशींना पिकायला लावण्याच्या कामातलं होतं. चिकटल्यावर ते उलटं वागायला लागलं. पेशींना कच्च्याच अवस्थेत अडवून ठेवायला लागलं. त्या एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, सगळ्या कच्च्या. मगज त्यांनीच भरून गेला. चांगलं रक्त बनायला जागा उरली नाही. शिवाय या कच्च्या पेशींतून असं काही रक्तात उतरतं की रक्त गोठवायचं सामान भलतीकडंच संपून जातं. म्हणून साधा खुर्चीचा हात लागला तरी काळंनिळं होतं. नाकातून, हिरड्यांतून, पाळीतून रक्त थांबत नाही."

"पण तुटलं कशानं?" यांनी पुन्हा विचारलं.

"कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पेशी सतत विभागत असतात, त्यात एखाद्या वेळी चूक होते. मारानं होत नाही, रागानं होत नाही, खाण्यानं होत नाही. कुणाची चूक नाही यात."

गुणसूत्रांचा पक्का रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. पण मेंदूत रक्तस्राव झाला तर काही करता येणार नाही म्हणून त्यांनी औषध लगेच सुरू केलं. कॅप्सूल होत्या, अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध. हे औषध त्या चिकटलेल्या जनुकाची अडवणूक सोडवतं आणि कच्च्या पेशी पिकायला लागतात, असं त्या तरुण डॉक्टरबाईंनी मला सांगितलं. इतर कॅन्सरमध्ये पेशी मारतात, इथं आधी त्यांना मोठं होऊ देतात. जोडीला सलाईनमधून आर्सेनिक. सासूबाईंना फोनवर यांनी त्याचं मराठी नाव सांगितलं तर त्या किंचाळल्या, "सोमल? आरं, इख घालत्यात व्हय तिच्या अंगात?"

प्लेटलेट द्यायला भाऊ आधी पुढं झाला, मग हे. रक्तपेढीच्या बाकावर दोघं शेजारी बसले होते, असं नर्सनं मला हसत सांगितलं. "तुमच्याकडची माणसं बोलत नाहीत का एकमेकांशी?" ती म्हणाली.

रिपोर्ट आला. पंधरा-सतराचा सांधा सापडला. त्याच सुमारास मला ताप भरला, श्वास पुरेना, अंगावर सूज आली. कच्च्या पेशी एकदम पिकायला लागल्या की असं होऊ शकतं म्हणे. मास्क लावून मी उशीला टेकून बसलेले असायचे आणि हे पायथ्याशी उभे. पाय चेपायला त्यांनी हात पुढं केला आणि नर्स आत आली तसा मागं घेतला. तेव्हा मला कळलं की कॅन्सरचं नाव निघालं म्हणून आत बसलेलं काही लगेच निघून जात नाही.

जाऊबाईंचा फोन आला. तब्येत विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या माहेरात कुणाला हाय का असलं? न्हाई, तुमच्या पोरीचं उद्या लगीन करायचं हाय, रक्तातलं म्हणत्यात म्हणून विचारलं." मी फोन ठेवला आणि डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हा बदल तुम्ही जन्मल्यावर, एका रक्तपेशीत झाला. आईवडलांकडून आला नाही, मुलीकडं जाणार नाही. सगळ्यांना खुशाल सांगा." मी कुणाला सांगितलं नाही. भेटायला आलेल्या लेकीला मात्र जवळ घेऊन सगळं सांगितलं, डाग कशाचे होते तेसुद्धा. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी विचारलं होतं ते चुकीचं होतं?"

"न्हाई गं. तू विचारलंस ते बरं केलंस. बाकी कुणी विचारलंच न्हाई."

हाडांतल्या मगजाची पुढची तपासणी चांगली आली, मग मी घरी आले. उपचार अजून बरेच महिने चालायचे होते, मिरजेच्या फेऱ्या होत्या, पण चालत दारातून आत गेले. गावातल्या बायका बघायला आल्या. त्यांच्या नजरा माझ्या डोक्यावर खिळल्या होत्या. या उपचारात माझे केस गेले नव्हते. ओठ सुकून फुटले होते, डोकं दुखायचं, पण वेणी होती तशी जाड होती. कॅन्सर म्हणजे टक्कल, एवढंच लोकांना माहीत. काही दिवसांनी कानावर आलं, "कॅन्सर कसला? केस तर हायत की. मारून हाड मोडलं असंल, झाकायला दवाखान्याचं नाव सांगत्यात."

ते ऐकून हे जेवता जेवता उठले नाहीत, चिडले नाहीत. ताटातली भाकरी संपवली आणि म्हणाले, "पाऊस कमी झालाय. मी उद्या महाबळेश्वरला जातो."

गावातली ही कुजबुज भावाला कळली तेव्हा त्याला राहवेना. तो आला आणि किराणा दुकानाच्या पायरीवर उभा राहून जमलेल्या चार माणसांना सांगू लागला, माझी चूक झाली, दाजी देवमाणूस हाय, आक्काला ल्युकेमिया झालाय. माणसांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, "पैसं किती लागलं?" दुसऱ्यानं त्याला चहा पाजला. त्यानं कुणाचं मत बदललं असं मला वाटत नाही. यांना फोनवर समजलं तेव्हा ते चिडले. "पुन्हा तमाशा कशाला केला त्यानं?"

पुढच्या फेरीला हे महाबळेश्वरहून आले आणि भाऊच आम्हाला मिरजेला घेऊन गेला. परतताना पलूसला त्याच्या घरी थांबलो. त्यानं अंगणातच यांचे पाय धरले. हे मागं सरकले.

"उठ. आधी घरात चल."

आत गेल्यावर, दार लोटून घेऊन ते बोलले. "मारलंस त्याचं काय न्हाई गड्या. आक्कासाठी मारलंस. पण दारात मारलंस. मला आत बोलवून विचारलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं की मी बी घाबरलोय. मला सुदिक वाटाय लागलं हुतं की मीच काय तरी करतोय."

भावजयीनं ताटं वाढली. जेवताना दोघं द्राक्षाच्या छाटणीबद्दल बोलले, महाबळेश्वरच्या रस्त्याबद्दल बोलले.

आता उपचार संपले आहेत. तो पंधरा-सतराचा सांधा तपासणीत सापडत नाही आणि डॉक्टर म्हणतात, पुन्हा येईल असं वाटत नाही. पार्लर सुरू आहे. हायस्कूलवरच्या ज्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते त्याही येतात. त्यांच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. गेल्या खेपेला मिरजेत त्या तरुण डॉक्टरबाई जिन्यात भेटल्या, तर हे थांबून त्यांना म्हणाले, "बाई, तुमी मला बाहेर काढून हिला विचारलं, ते चांगलं केलं." त्यांना आठवत नव्हतं. त्या हसल्या आणि वर गेल्या.

हे अजून वर्षातले बरेच महिने महाबळेश्वरलाच असतात. पावसाळ्यातसुद्धा काहीतरी काम काढून तिकडं थांबतात. मी या म्हणते. ते म्हणतात, "येतो की." परवा आले, दोन दिवस राहिले. बाजारात बरोबर गेलो. यमाईच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर मी त्यांचा हात धरला तर त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. मग धरू दिला.